आधी लगीन मुन्नारचं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपली जुनी माणसं म्हणत. त्यांच्या हाताशी वेळ होता. आजचा पुणेकर नोकरदार 80 लाखांचा फ्लॅट सहलीच्या बॅगा भरता भरता घेतो आणि गाडीही चुकवत नाही. ज्या समाजाला बेशिस्तीबद्दल ऊठसूट बोल लावला जातो, त्यातलं एक कुटुंब ठरलेल्या तारखेला इतकं जागतं, याची नोंद आपण नागरिकांनी घ्यायला हवी. आमच्या शेजारचंच उदाहरण देतो.

त्यांचा अभ्यास दांडगा. रेल्वेचं आरक्षण हल्ली 60 दिवस आधी उघडतं. त्या सकाळी 8 वाजता घरातले तिन्ही मोबाइल लॉगिन करून तयार होते. मुन्नारच्या हॉटेलात गरम पाणी दिवसभर असतं की सकाळपुरतंच, खिडकीतून दरी दिसते की मागची भिंत, हे आधी राहून आलेल्या अनोळखी लोकांच्या अभिप्रायांतून पडताळून झालं. आलप्पुळ्याच्या हाउसबोटवाल्याला फोन करून स्वयंपाक खोबरेल तेलात होतो का, तेही विचारलं. चौकशी 6 रात्रींची होती, म्हणून ती कसून केली. फ्लॅटचे हप्ते 20 वर्षांचे. त्याला रविवारची 25 मिनिटं पुरली. एजंट म्हणाला, "साहेब, उद्या दुसरी पार्टी येतेय, आज टोकन देऊन टाका." लिफ्ट खाली येईपर्यंत 2 लाख पोहोचले होते.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या फाटकाशी पाण्याचे दोन टँकर उभे होते. जाडजूड पाइप पार्किंगमधून टाकीपर्यंत गेला होता आणि त्यांच्या लेकाने तो दोन्ही पायांनी उडी मारून ओलांडला. भोगवटा प्रमाणपत्राबद्दल विचारल्यावर "झालंय, फक्त हातात यायचंय" असं उत्तर मिळालं. विश्वास टाकायला मोठं मन लागतं. हॉटेलातल्या नळाच्या बाबतीत ते दाखवता आलं नाही, ते इथे दाखवता आलं.

वकिलीणबाईंनी मात्र थोडी अडचण केली. मालमत्तेचा 30 वर्षांचा शोध घेऊ, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊ, हरकतींसाठी 14 दिवस थांबू, असं त्या म्हणाल्या. चौदाव्या दिवशी मंडळी कोचीत असणार. नोटीस वगळली गेली. ज्या कुणाची हरकत असेल, त्यालाही ऐन सुट्टीत धावपळ करावी लागली नाही. शिवाय कर्ज देणाऱ्या कंपनीने कागद पाहिलेच होते. ती स्वतःच्या पैशांसाठी पाहते, हे खरं. पण पाहते तर खरी.

मला सर्वांत भावला तो त्यांचा हिशेब. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पुण्यात 7 टक्क्यांच्या जागी 6. 80 लाखांवर सरळ 80 हजार रुपये. वहिनी तेव्हा आईला आणायला नाशिकला गेल्या होत्या. त्या परतून, मसुदा बदलून, कर्जाची कागदपत्रं नव्याने करून घ्यायची तर शनिवारची गाडी सोडावी लागली असती. थर्ड एसीचं कन्फर्म तिकीट पुरेसं आधी रद्द केलं तर माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी कापला जातो. चौघांचे 720, परतीचे आणखी 720. इतका तोटा अंगावर घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला. खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावावर झालं आणि 80 हजार शासनाच्या तिजोरीत गेले. राज्याच्या आर्थिक स्थितीची एरवी सगळेच चिंता करतात. त्यासाठी पदरमोड करणारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सह्या आणि नोंदणी एकाच शुक्रवारी उरकली. सहीनंतर नोंदणीसाठी कायद्याने 4 महिने दिलेले आहेत. ती सवलत त्यांनी जशीच्या तशी परत केली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मीही गेलो होतो. साक्षीदार दोन लागतात, एक मी आणि दुसरे त्यांचे वडील. काका एसटीत हिशेबनीस होते. घराच्या पैशांत 18 लाख त्यांच्या निवृत्तीचे. बाकावर बसून, चष्मा पुसून, त्यांनी दस्त पहिल्या पानापासून वाचायला घेतला. बोट ओळीखाली ठेवून वाचायची त्यांची सवय आहे. ते सहाव्या पानावर आले तेवढ्यात आमचा नंबर लागला. "बाबा, घरी वाचा ना सावकाश. तुमच्याकडेच ठेवून जातोय," मुलगा म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फोटो निघाले, अंगठे टेकले, सह्या झाल्या. बाहेर गाडीच्या टपावर निळ्या बॅगा दोरीने बांधून तयार होत्या.

काका सहलीला गेले नाहीत. तुळशीला पाणी कोण घालणार, म्हणाले.

परवा संध्याकाळी मी डोकावलो तर दस्त मांडीवर उघडा होता. चौदाव्या पानावर पेन्सिलने दोन खुणा केल्या होत्या. जी झाकलेली पार्किंगची जागा मुलाने त्यांना हौसेने दाखवली होती, तिचा परिशिष्टात उल्लेखच नाही. त्याखालच्या कलमात, देखभालखर्चाची आजवरची सगळी थकबाकी खरेदीदार भरेल, असं लिहिलंय. किती, ते लिहिलेलं नाही.

"याचा अर्थ मला लागतोय तोच आहे का रे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मुलाला फोन लावला. तो लागला नाही; हाउसबोट कुठल्याशा पाण्यावर असेल. काकांनी फोन खाली ठेवला, पेन्सिलचं टोक बोटाने चाचपून पाहिलं आणि पंधरावं पान उलटलं.