जमतेभाऊ

वऱ्हाडातल्या प्रत्येक मंडळीत एक जमतेभाऊ असतो. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असतं, पण ते रजिस्टरातच राहतं. रविवारची उपासना सुटली की दारात हात मिळवताना पाळकसाहेब विचारतात, “शुक्रवारची प्रार्थना तुमच्याकडं ठेवू का?” “जमते नं साहेब!” पायरीवर महिला मंडळाच्या बाई अडवतात, “मंडपवाल्याशी तुम्हीच बोलसान नं?” “जमते नं बाई!” फाटकाशी पोचेपर्यंत तो नाताळच्या नाटकातला हेरोद, कब्रस्तानच्या कुंपणाचा हिशेबनीस आणि कोणाच्या तरी भाच्याच्या सोयरिकीतला मध्यस्थ झालेला असतो.

एकदा त्यानं अमरावतीत संडे स्कूलचं बक्षीस वाटप आणि अकोल्यात नात्यातला साखरपुडा, असं दोन्ही एकाच रविवारी घेतलं. दोन गावांत शंभरेक किलोमीटर, वेळ दोन्हीकडं अकराची. अकरा वाजता भाऊ मूर्तिजापुरात होते. दोन्हीकडून फोन आले. दोघांनाही एकच उत्तर मिळालं, “हे काय, पोचलोच!” बक्षिसं शेवटी पाळकीणबाईंनी वाटली. साखरपुड्यातलं जेवण मात्र चुकलं नाही.

घरचा नळ वर्षभर गळतो. वायसर बदलायला भाऊंना सवड नाही, कारण चर्चच्या बोअरची मोटर बसलेली असते. वहिनी शांतपणे सांगतात, “यायले नाही म्हनता येते नं. फक्त मले.”

वहिनींची ही परंपरा जुनी आहे. रेव्हरंड टिळकांनी वाटेल त्याचा भार उचलावा आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी सोसावी, हे ‘स्मृतिचित्रे’त पानोपानी आहे. फरक एवढाच की लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत लिहून काढलं. आमच्या वहिनींना लिहायला वेळ नाही, शुक्रवारच्या प्रार्थनेचा चहा त्यांनाच करायचा असतो.

गंमत म्हणजे भाऊंचं पवित्र शास्त्र तोंडपाठ. निर्गमच्या अठराव्या अध्यायावर त्यांनी स्वतः संदेश दिलेला आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्याय करत बसलेला पाहून सासरा इथ्रो म्हणाला, असं केलंस तर तूही थकशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेनं ऐकलं. (सासऱ्याचं ऐकणारा जावई, यालाच मी चमत्कार म्हणतो.) प्रेषितांनीही पंगतीची व्यवस्था अंगावर घेतली नाही, त्यासाठी सात जण निवडायला लावले. आणि कफर्णहूमात सगळे शोधत आहेत असं शिमोन सांगत आला, तेव्हा प्रभू येशू परत फिरले नाहीत, दुसऱ्या गावांना निघाले. संदेश उत्तम झाला. उपासना सुटल्यावर तीन जणांनी अभिनंदन केलं आणि तिघांनीही एकेक काम दिलं.

माझं मत विचाराल तर यात सेवा अर्धी आणि धाक अर्धा. नाही म्हटलं तर ‘भाऊ विश्वासात थंड पडले’ अशी कुजबुज होईल हा धाक. शिवाय आपल्यावाचून मंडळीचं पान हलत नाही याचं थोडं सुखही असतंच, ते भाऊ कबुलीच्या प्रार्थनेतसुद्धा सांगत नाहीत. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. रक्तदाब वाढून ते दवाखान्यात पडले, तेव्हा अख्खी मंडळी खाटेभोवती जमली, सामर्थ्यासाठी कळकळीनं प्रार्थना झाली आणि ‘आमेन’नंतर कोणीतरी हळूच विचारलं, “भाऊ, कॅरल पार्टीच्या गाडीचं कसं करता?”

तेव्हा पंचमंडळींनो, यंदा नाताळच्या कामांची यादी कराल तेव्हा भाऊंचं नाव एकाच ओळीत लिहा. शिडीवर चढून तारा टांगता येणारी पोरं मागच्या बाकावर मोबाइल पाहत बसलेली आहेत. त्यांना विचारा. आणि भाऊ “जमते नं” म्हणालेच, तर वहिनींना विचारल्याशिवाय लिहून घेऊ नका.