स्ट्रायकर गेला

"बाबा, हा माणूस आधी स्ट्रायकर होता आणि मग त्याच टीमचा मॅनेजर झाला," चिरंजीव म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला. "फितूर झाला, असं म्हण की."

चिरंजीव चाकणला नोकरीला आहेत. पहाटे सव्वापाचला निगडीतून कंपनीची बस धरतात आणि संध्याकाळी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून घरी येतात. त्या दीड तासात त्यांनी मोबाइलवर सगळा स्पॅनिश फुटबॉल पाठ केला आहे. माझं आयुष्य भोसरीच्या एमआयडीसीत गेलं. त्यामुळे शब्द दोघांचे तेच असले तरी अर्थ वेगळे निघतात.

आमच्या पिंपरी-चिंचवडात स्ट्राइक म्हणजे संप. पूर्वीपासून तोच एक अर्थ. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या मागे शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि एका पहाटे पोलिसांनी त्यांना गाड्यांत घालून उचलून नेलं, तेव्हा आमच्या चाळीतल्या पोरांनासुद्धा स्ट्राइकचं स्पेलिंग येत होतं. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात ५० दिवस संप चालला. त्यात एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया भावाने द्यावेत. ही मागणी मला फार आवडली होती. मधली मॅनेजरची पायरी गाळून थेट मालकच! शेअर मिळाले नाहीत, पण कल्पनेला दाद द्यायला हवी.

तेव्हा आमच्याकडे स्ट्रायकर गेटच्या बाहेर असतो आणि मॅनेजर आत. बाहेरचा आत जाऊन बसला की त्याला काय म्हणतात, ते मी चिरंजीवांना सांगितलंच होतं.

"बाबा, स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारा. स्पॅनिशमध्ये त्याला देलांतेरो म्हणतात. पुढचा. आणि मॅनेजर म्हणजे कोच."

पुढचा! म्हणजे मोर्चात बॅनर धरतो तो. अर्थ फारसा लांब गेला नव्हता.

तो माणूस म्हणजे लुइस अरागोनेस. आत्लेतिको माद्रिदकडून त्याने १७३ गोल मारले; हा क्लबचा विक्रम मोडायला २०२४ साल उजाडावं लागलं. पाय मोठे, म्हणून खेळाडू असताना त्याला थापातोनेस म्हणायचे. थोरले बूटवाला. (थापांचा इथे काही संबंध नाही, तो आपला आपण लावतो.) पुढे कोच झाल्यावर त्याच माणसाला 'ओर्तालेथाचा शहाणा' म्हणू लागले. ओर्तालेथा म्हणजे त्याचं गाव. बूट आणि शहाणपण यांत नोकरी बदलण्याएवढंच अंतर असतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

थोरल्या बुटांचं ऐकून मात्र मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. कारण स्ट्रायकर मीही होतो. फुटबॉलचा. १९८८ च्या कंपनी स्पोर्ट्स डेला टूल रूम विरुद्ध पेंट शॉप असा सामना होता आणि मी टूल रूमचा स्ट्रायकर. कारण एवढंच की बाकीचे दहा जण धावायला तयार होते आणि मी म्हणालो, मी पुढे उभा राहतो. फुटबॉलचे बूट कुणाकडेच नव्हते. आम्ही सेफ्टी शूजवर खेळलो. सेफ्टी शूजच्या पुढे पोलादी टोपी असते. पायावर जॉब पडला तर बोटं वाचावीत म्हणून. त्या टोपीने चेंडूला लाथ मारली की चेंडू कुठे जाईल, हे न्यूटनलाही सांगता आलं नसतं. माझी पहिलीच किक गोलवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून पुणे-नाशिक रस्त्यावर गेली आणि चाकणचा कांदा घेऊन मार्केट यार्डाकडे निघालेल्या ट्रकात पडली. ट्रक थांबला नाही. कंपनीकडे चेंडू एकच होता. सामना बरोबरीत सुटला.

आमचा गोलकीपर माझ्या शेजारच्या लेथवरचा. त्याने त्या दिवशी एकही चेंडू अडवला नाही, कारण त्याच्यापर्यंत एकही आला नाही. पण पुढची आठ वर्षं तो स्वतःला अपराजित म्हणवत होता आणि मला 'कांदा'. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एका टेबलावर बसायचो. त्याच्या डब्यातला ठेचा माझा, माझ्यातली भाजी त्याची. "ए कांद्या, सरक" हे त्याचं रोजचं वदनी कवळ.

अरागोनेसची गोष्ट अर्थातच जास्त गंभीर आहे. मे १९७४, ब्रुसेल्स, युरोपियन कपची फायनल, समोर बायर्न म्युनिक. जादा वेळेत, ११४व्या मिनिटाला अरागोनेसने फ्री किक अशी वळवली की बायर्नचा गोलकीपर नुसता बघत राहिला. आत्लेतिको जिंकल्यातच जमा. सुटीचा भोंगा व्हायला अर्धं मिनिट असताना काय होतं, ते थर्ड शिफ्ट केलेल्या माणसाला विचारा. शेवटच्या क्षणी बायर्नच्या श्वार्झेनबेक नावाच्या बचावपटूने लांबून एक फटका हाणला आणि तो गोलात गेला. त्या फायनलचा निकाल पेनल्टींवर लावायचा नव्हता. दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला. बायर्नने ४-० ने जिंकला.

आणि त्याच वर्षी, वयाच्या ३६व्या वर्षी, अरागोनेसने बूट काढले आणि आत्लेतिकोचा कोच झाला. ट्रेनिंग नाही, प्रोबेशन नाही, दुसऱ्या शहरात बदली नाही. ज्यांच्याबरोबर आदल्या आठवड्यात एका ड्रेसिंग रूममध्ये मोजे शोधले, त्यांनाच आता 'तू आज बाहेर बस' म्हणायचं.

इथे मी चिरंजीवांना थांबवलं. "स्पॅनिशमध्ये अरे-कारे, अहो-जाहो असतं का रे?"

असतं म्हणे. तू म्हणजे तूच, शब्दसुद्धा तोच. आणि अहोला उस्तेद. शिवाय स्पेनमधले खेळाडू कोचला सरसकट मिस्टर म्हणतात. आपल्याकडचं साहेब.

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण ती सकाळ मला डोळ्यांसमोर दिसली. कारण ती मी काढलेली आहे.

१९९६ मध्ये मला वर्कमन ग्रेडमधून काढून ऑफिसर केलं. सोसायटीत पेढे वाटले. बायकोने माझ्या नावामागे 'साहेब' लावून दुधवाल्याला बिल द्यायला लावलं. मग पहिल्या पगाराला कळलं की ओव्हरटाइम बंद झाला आहे आणि साहेब झाल्यापासून मला सातशे रुपये कमी मिळतात. युनियनचं सभासदत्व गेलं. निळा शर्ट जाऊन पांढरा आला, ज्यावर ग्रीसचा डाग दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे कॅन्टीन बदललं. ऑफिसर कॅन्टीनमध्ये वाटीत दही मिळायचं, पण ठेचा नव्हता.

पहिल्या दिवशी मी शॉप फ्लोअरवर गेलो. गोलकीपर लेथवर होता. मी म्हटलं, "काय रे?" त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, "बोला साहेब."

त्याने माझा अपमान केला नव्हता. म्हणून तर उत्तर देता येईना. शिवी दिली असती तर मेमो तरी देता आला असता.

अरागोनेसने हे कसं निभावलं, कोण जाणे, पण निभावलं. बायर्नने नकार दिल्यामुळे जगज्जेतेपदाच्या सामन्याला युरोपातर्फे हरलेला आत्लेतिको गेला, आणि एप्रिल १९७५ मध्ये अर्जेंटिनाच्या इंदिपेंदियेंतेला हरवून तो कप घेऊन आला. युरोपात दुसरा, जगात पहिला. असा हिशेब फक्त आमच्या अकाउंट्स खात्यात जमतो. १९७७ मध्ये स्पेनची लीगही जिंकली. पुढे तो फिरत राहिला, आत्लेतिकोला पुन्हापुन्हा परत आला, आणि म्हातारपणी स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा कोच झाला. तिथे त्याने राउलला वगळलं. राउल म्हणजे स्पेनचा लाडका स्ट्रायकर. म्हातारा स्वतः स्ट्रायकर, त्यामुळे बाकीच्या साहेबांपेक्षा कठोर. पेपरांनी ओरडा केला, लोकांनी शिव्या घातल्या, म्हातारा हलला नाही. २९ जून २००८ ला व्हिएन्नात स्पेनने जर्मनीला १-० ने हरवून युरो कप जिंकला. १९६४ नंतरचा पहिला. गोल फर्नांदो तोरेसचा. त्याला पोरसवदा असताना आत्लेतिकोत याच म्हाताऱ्याने खेळवलं होतं. तेव्हा म्हातारा सत्तरीला एक महिना कमी होता. आमच्याकडे ५८ ला घड्याळ देऊन घरी पाठवतात.

"असे लोक आपल्याकडे येत नाहीत," मी म्हणालो.

"येऊन गेले," चिरंजीव म्हणाले.

स्पेन आमच्या भागात आलं ते खरं तर प्रेस शॉपच्या दाराने. चाकण पट्ट्यात बिल्बाओची सीआयई आहे, माद्रिदची गेस्टाम्प आहे, गाड्यांची आतली छतं बनवणारी बुर्गोसची ग्रूपो आंतोलिन आहे. फुटबॉल मागून आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा कोलकात्याच्या संघाचं नावच आत्लेतिको दे कोलकाता होतं. आपल्या अरागोनेसचा क्लब त्यात भागीदार. अंतोनियो हाबास नावाचा स्पॅनिश कोच त्या संघाने आणला आणि पहिल्याच वर्षी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, चषक जिंकला. २०१६ मध्ये हे हाबाससाहेब एफसी पुणे सिटीचे कोच होऊन आमच्या शेजारी, म्हाळुंगे-बालेवाडीच्या स्टेडियमवर दाखल झाले.

म्हाळुंगे दोन आहेत, हे इथे सांगायला हवं. एक बालेवाडीला चिकटलेलं, जिथे स्टेडियम आहे. दुसरं चाकणचं, जिथे कारखाने आहेत. त्या सीझनला चिरंजीवांनी मला मॅच दाखवायची म्हणून रिक्षा केली आणि नुसतं "म्हाळुंगे" म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं. कुरुळी फाटा आल्यावर त्यांनी मान वर केली. मॅच हुकली. परतीला पुन्हा तळेगाव चौकाकडून आलेल्या गर्दीत अडकलो. त्यात चिरंजीवांनी मला हाबासची गोष्ट पुरी केली.

गोष्ट अशी, की साहेब पुण्यात आले तेच आधीच्या सीझनच्या वागणुकीबद्दल चार सामन्यांची बंदी घेऊन. म्हणजे कोच स्टँडमध्ये आणि टीम मैदानात.

"सस्पेंड?" मी विचारलं. "मॅनेजर सस्पेंड?"

चाळीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. आमच्याकडे चौकशीअंती, चौकशीआधी आणि चौकशीशिवाय सस्पेंड होतो तो स्ट्रायकर. मॅनेजर फार तर 'ॲडव्हायझर' होतो. त्या क्षणापासून मला फुटबॉल हा पुरोगामी खेळ वाटू लागला.

त्या वर्षी पुणे उपांत्य फेरीत पोचलं नाही. मग आणखी कोच झाले, आणि २०१८ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल आले. आडनाव पोर्तुगाल, देश स्पेन, प्रांत बुर्गोस, एकेकाळी रेयाल माद्रिदकडून खेळलेले. तीन सामन्यांत गेले. तीन! आमच्याकडे ठेकेदाराचा पोरगासुद्धा सात महिने टिकतो; २४० दिवस भरले तर कायम करावं लागेल म्हणून मग त्याला ब्रेक देतात. बुर्गोसची छतं चाकणला बसली, पण बुर्गोसचा कोच बालेवाडीला बसला नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, एफसी पुणे सिटीच बंद पडली आणि तिची जागा हैदराबादने घेतली. चिरंजीवांना फार वाईट वाटलं. मला नवल वाटलं नाही. प्लांट शिफ्ट होणं आम्ही पाहिलेलं आहे. गेटवर नोटीस लागते आणि पेरूवाला दुसऱ्या गेटवर जातो.

हे सगळं त्या दिवशी चहावर का निघालं, ते चिरंजीवांनी शेवटी सांगितलं. त्यांना असिस्टंट मॅनेजरची ऑफर होती. लाइनवरच्या ज्या पोरांबरोबर ते रविवारी मोशीच्या टर्फवर फुटबॉल खेळतात, ती सगळी आता त्यांच्या हाताखाली येणार होती.

"ओव्हरटाइमचं विचारून घे," मी म्हणालो. याहून शहाणं काही सुचलं नाही. ओर्तालेथाचा शहाणा मी नव्हे.

संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात गेलो. तिथे रोज कॅरम असतो. गोलकीपर तिथेच असतो. निवृत्त होऊन आम्हा दोघांनाही बरीच वर्षं झाली, राहायला एकाच सेक्टरमध्ये, आणि अजून तो मला साहेबच म्हणतो. "साहेब, पावडर द्या." "साहेब, तुमची पाळी." मी दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बरं साहेब."

त्या दिवशी मला राणी आणि माझी एक सोंगटी एवढंच घ्यायचं उरलं होतं. राणी घेतली, आता कव्हर हवं. सोंगटी कोपऱ्याला टेकलेली, लहान पोरानेही घेतली असती. पण माझ्या डोक्यात श्वार्झेनबेक होता. मी फटका मारला, सोंगटी काठाला लागून परत आली आणि तिच्या जागी स्ट्रायकर सरळ भोकात गेला.

"गेला!" गोलकीपर खुर्चीतून उठून ओरडला. "गेला की रे तुझा स्ट्रायकर! कांद्या! काढ, राणी काढ बाहेर!"

सगळे बघायला लागले. त्याच्या लक्षात आलं. तो खाली बसला, बोर्डावर विनाकारण पावडर टाकली आणि चष्मा पुसू लागला. मी राणी काढून मधोमध ठेवली, दंडाची एक सोंगटी तिच्या शेजारी ठेवली.

त्यानंतर त्या संध्याकाळी माझा स्ट्रायकर आणखी दोनदा गेला. ते मी मुद्दाम केलं की नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.