लाल दिव्याची गाडी

"मला लाल दिवा मिळाला," असं मी परभणीच्या मेहुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. आमच्याकडे लाल दिवा मिळतो तो आमदाराला, आणि तोही मंत्रिमंडळाच्या विस्तारात. गाड्यांवरचे ते दिवे १ मे २०१७ पासून उतरले, पण लोकांच्या तोंडून काही उतरले नाहीत. अखेर मेहुण्याने दबक्या आवाजात विचारलं, "कोणाकडून?" मी म्हणालो, "मुंबईच्या भंगारवाल्याकडून." "ते कळलं हो," तो म्हणाला, "पण पक्ष कोणता?"

मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

आमच्याकडे १९७२ ची फियाट आहे. मामा परळीला डॉक्टर होते, त्यांची. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचा तो काळ. मामांनीही नाव नोंदवलं आणि विसरून गेले. नंबर लागला तो नेमका दुष्काळाच्या साली. मराठवाड्यातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, पोरं सुकडीवर होती, आणि डॉक्टरांच्या दारात नवीकोरी मोटार येऊन उभी राहिली. मामांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की पहिलं वर्षभर ते दवाखान्यात सायकलनेच जात. ही गोष्ट घरात अजूनही कुणी मोठ्याने सांगत नाही.

गाडी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या आधीच्या गोलमटोल भावंडाला महाराष्ट्राने 'डुक्कर फियाट' असं प्रेमाचं नाव दिलं होतं. ही त्या मानाने सडपातळ, चौकोनी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मागचे दोन्ही पंखे माशाच्या परासारखे किंचित वर निघालेले आणि त्यांच्या टोकाशी उभट लाल दिवे. पुढे हीच गाडी पद्मिनी या नावाने मुंबईभर काळी-पिवळी होऊन फिरली.

मामांनंतर ती सोनपेठला आमच्या गोठ्यात आली. गोठ्यात म्हणजे खरोखरच गोठ्यात. वर कडबा, खाली कोंबड्या, बॉनेटमध्ये उंदीर. उंदरांनी वायरिंग खाल्लं, पण इंजिनाला हात लावला नाही. त्यांनाही बहुधा पार्ट मिळत नाहीत हे ठाऊक असावं. उजवीकडच्या मागच्या दिव्याची काच एका पोळ्याला बैलाने फोडली. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगूरमाळा, आणि समोर लाल काहीतरी. बैलाला दोष देता येत नाही. डावीकडची काच शाबूत राहिली, पण उन्हाने लालाची गुलाबी झाली. काचेभोवतीच्या चकचकीत कड्यांना देवीचे व्रण पडल्यासारखे खड्डे पडले.

मी शाळेतून निवृत्त झालो आणि निवृत्त माणसाला जे करू नये असं सगळे सांगतात ते केलं. गाडी बाहेर काढली. दोन वर्षं लागली. इंजिन उतरलं, चढलं, परत उतरलं. पत्र्याचं काम झालं, रंगाचे तीन हात झाले. राहता राहिले मागचे दिवे. "ते काय, दोन दिवसांचं काम," असं आमचे मिस्त्री म्हणाले. मिस्त्रींचे दोन दिवस हे ब्रह्मदेवाच्या पंचांगातले असतात.

मागचा दिवा ही गाडीतली मोठी चमत्कारिक वस्तू आहे, हे मला त्या निमित्ताने कळलं. हेडलाइट आपल्यासाठी असतो. हॉर्न दुसऱ्यासाठी असला तरी आपण ऐकतो, आणि आमच्या स्टँडवर तर तो केवळ ऐकण्याच्या हौसेनेच वाजवतात. पण मागचा दिवा मालकाला पेटलेला कधी दिसत नाही. पैसे आपण भरायचे, बॅटरी आपली, उजेड मात्र सगळा परक्याचा. माझ्या लहानपणी रात्रीच्या प्रवासाला बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगत. गाडीवान पुढे घोंगडी पांघरून झोपलेला, बैल आपल्या मनाने वाट कापताहेत, आणि खाली तो कंदील हलतो आहे. रस्त्यावर बैलांच्या पायांच्या ताडाएवढ्या सावल्या. त्या उजेडाचा गाडीवानाला काडीचा उपयोग नव्हता. तरी तेल त्याच्याच घरचं.

आता उसाच्या दिवसांत परळीच्या रस्त्याला रात्री निघालं की कंदिलाची फार आठवण येते. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, पुढे गाणी आणि रंगीबेरंगी माळा, मागे काळोख. अगदी जवळ गेल्यावर अंधारालाच ऊस लागलाय असं दिसतं.

असो. दिवे शोधायला मी पुण्याच्या नाना पेठेत एका विद्यार्थ्याला पाठवलं. तो दोन तास फिरला आणि हेल्मेट घेऊन परत आला. शेवटी मुंबईचा एक भंगारवाला सापडला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, हे मी पेपरात वाचून हळहळलो होतो. हळहळण्यात माझा असाही फायदा होता हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. त्याच्याकडे सुटे झालेले दिवे पोत्यात पडून होते. टॅक्सी गेली, डोळे ठेवून गेली. फोनवर तो म्हणाला, "एकदम ओरिजनल पीस आहे, साहेब." ओरिजनल म्हणजे तडा गेलेला नाही.

पार्सल आलं. बायकोने खोबऱ्याची वाटी सोलावी तसा वरचा कागद हलक्या हाताने काढला. आत दोन दिवे, कापसात गुंडाळलेले. लाल भडक, कडी शाबूत. मी हरखलो. मिस्त्रींनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाले, "सर, दोन्ही डावेच हायेत."

हा दिवा पंख्याच्या वळणाला धरून बसतो, त्यामुळे डावा तो डावा आणि उजवा तो उजवा. विकणारा माणूस मात्र डावं-उजवं करणारा नव्हता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "उलटा करून बघा ना." उलटा केल्यावर इंडिकेटर खाली आणि ब्रेक वर, आणि दिवा पंख्यातून असा बाहेर डोकावत होता, की गाडी मागे वळून बघते आहे. उजवा यायला आणखी महिना गेला.

मग बसवणं. भोकं दोन सुतांनी जुळेनात. मुंबईची पद्मिनी आणि आमची थोरली फियाट या एकाच घरातल्या, पण धाकट्या जावेची बांगडी थोरलीच्या हातात जाईलच असं नाही. मिस्त्रींनी कानस काढली. नवीन रंगावर कानस घासल्याचा आवाज मला दाताच्या डॉक्टरकडेही इतका झोंबला नव्हता. खालचं रबर पॅकिंग मिळेना, म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून नखकात्रीने कापलं. नखकात्री हिची होती. तिने ती पुन्हा घरात घेतली नाही.

बल्ब बसवताना एक सुरेख गोष्ट पाहिली. ब्रेकचा आणि रात्रीचा दिवा मिळून एकच बल्ब असतो. त्याच्या पोटात दोन तारा, एक पाच वॅटची मंद, एक एकवीस वॅटची प्रखर. दोन्हींची अदलाबदल होऊ नये म्हणून बल्बच्या बुडाला जे दोन खिळे असतात ते मुद्दाम वर-खाली केलेले. सरळ घातला तरच बसतो, उलटा घातला तर बसतच नाही. ज्याने हे योजलं त्याने पहिलीतल्या मुलांच्या चपलाही करायला हव्या होत्या.

सगळं बसलं. मी आत बसून ब्रेक दाबला. ही मागे उभी.

"लागला का?"

"लागलाय. पण मरगळलेला दिसतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे जरा कण्हत लागलाय. आणि वरचा पिवळाही थोडा थोडा लागलाय, त्यालाही लावलंय का तुम्ही?"

मी इंडिकेटरला हात लावलेला नव्हता. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, पेचकसाचं टोक दिव्याच्या बुडाला टेकवलं आणि निदान केलं, "सर, ह्याला अर्थच न्हाई."

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. 'खालील ओळींचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल याची मोजदाद नाही. दोन वर्षं आणि प्रॉव्हिडंट फंडाचा एक लचका खर्चून झाल्यावर ह्याला अर्थच नाही, हे अगदी असंच हिनेही पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण मिस्त्रींचा अर्थ वेगळा. वीज बॅटरीतून वायरीने दिव्यापर्यंत येते, पण परत जायला तिला वेगळी वायर नसते; गाडीचा पत्रा हाच परतीचा रस्ता. दिवा पत्र्याला उघड्या अंगाने टेकला पाहिजे. त्यालाच अर्थ म्हणतात. आणि आम्ही मोठ्या प्रेमाने तिथे रंगाचे तीन हात दिले होते. परतीची वाट बंद. मग वीज काय करते? कचेरीत समोरची खिडकी बंद असली की माणूस जसा मागच्या दाराने शिपायाला गाठतो, तशी ती शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून जाते. म्हणून ब्रेकचा दिवा कण्हतो आणि इंडिकेटर उगाचच लाजतो.

मिस्त्रींनी पॉलिश पेपर घेऊन स्क्रूच्या भोवतीचा रुपयाएवढा रंग खरवडला. खालून बावन्न वर्षांपूर्वीचा पत्रा निघाला, स्वच्छ, पांढरा. स्क्रू आवळला. ही एकदम म्हणाली, "अगं बाई, लागला की!"

अर्थ लागला.

आता नियमांची खात्री करायची राहिली होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा एकशे पंचावन्न मीटरवरून दिसला पाहिजे. एकशे पन्नास का नाही, हा मास्तरी प्रश्न मला दोन दिवस छळत होता. बहुधा पाचशे फुटांचे मीटर करताना कुणा कारकुनाने तीन-चार पावलं पदरची घातली असावीत. संध्याकाळी मी हिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, ब्रेक कोणता ते दाखवलं आणि फोन कानाला लावून निघालो. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे दोनशे सात पावलं. पिठाची गिरणी गेली, पानटपरी गेली. टपरीवाल्याने विचारलं, "सर, काय सांडलं का?" मी हाताने थांब म्हणालो, कारण तेव्हा माझे एकशे त्र्याऐंशी झाले होते.

दोनशे सातला वळून पाहिलं.

तिन्हीसांजेच्या धुरकट उजेडात, गल्लीच्या टोकाला, दोन मंद लाल ठिपके. मी फोनवर म्हणालो, "दाब." ठिपके एकदम भडकले. "सोड." निवले. "दाब." ही गाडी मी लहानपणापासून बघत आलो, तिच्यात बसलो, तिच्याखाली झोपलो. पण दुसऱ्याला ती कशी दिसत असेल हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. मी कितीतरी वेळ नुसताच उभा होतो. फोनमधून आवाज आला, "अहो, दाबू का सोडू? पाय भरून आला माझा."

गाडीला आता पन्नासच्या वर वर्षं झाली आहेत. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना विंटेजचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शनाला वगैरे न्यायची. सोनपेठात प्रदर्शन कुठलं? आमच्या दारात उभी असते तेच. मी जुन्याच नंबरावर आहे.

परवा परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन आम्ही दोघं रात्री परत निघालो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिव्याचा पत्ता नाही. बराच वेळ त्यांच्या मागे रांगत होतो. तेवढ्यात एक मोटारसायकल बरोबरीने आली. वर तिघं, आणि तिच्याही मागचा दिवा बंद. मधला वाकून ओरडला, "काका, उजवा लागंना तुमचा!" आणि ते तिघे अंधारात गडप झाले.

गाडी कडेला घेतली. उतरून पाहिलं, तर अर्थाचा स्क्रू अर्धा आटा ढिला झाला होता. पेचकस घरी राहिला होता. हिने पर्समधून दोन रुपयांचं नाणं काढून दिलं, त्याने आवळला.