शोभेच्या माणसाचं मंत्रिमंडळ

उपराष्ट्राध्यक्षाची जागा मुळातच शोभेची. ब्राझीलच्या मिशेल तेमेर यांना हे कळायला जवळजवळ पाच वर्षं लागली. डिसेंबर 2015 मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांना रुसव्याचं पत्र लिहिलं. मला नुसतं शोभेला ठेवलंय, कुणी काही विचारत नाही, असा एकूण सूर. पत्राची सुरुवात चक्क लॅटिन वचनानं. ज्याला रुसायलाही लॅटिन लागतं तो फार दिवस कोपऱ्यात बसायचा नाही, हे बाईंनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. 12 मे 2016 रोजी सिनेटनं 55 विरुद्ध 22 मतांनी महाभियोगाचा खटला चालवायचं ठरवलं. बाई जास्तीत जास्त 180 दिवसांसाठी निलंबित झाल्या आणि शोभेची वस्तू थेट खुर्चीत जाऊन बसली. हंगामी राष्ट्राध्यक्ष!

हंगामी म्हटलं की आपल्याला बदलीवरचे मास्तर आठवतात. हजेरी घ्यावी, पोरं गप्प बसवावीत, घंटा झाली की निघावं. हे मास्तर मात्र पहिल्याच तासाला फळा, बाकं आणि अभ्यासक्रम बदलून मोकळे झाले. 32 खाती होती, ती 23 केली. मंत्री झाडून सगळे पुरुष, आणि गोरे. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोक स्वतःला कृष्णवर्णीय किंवा मिश्रवर्णीय म्हणवतात, त्या देशाचं हे मंत्रिमंडळ. एकही बाई नाही, असं तिथं सत्तरच्या दशकातल्या लष्करी राजवटीनंतर प्रथमच घडलं. बायका शोधल्या पण जमलं नाही, असा सरकारचा खुलासा. बरोबरच आहे. एक सापडली होती, तिला नुकतंच घरी बसवलं होतं.

खातेवाटप तर बघत राहावं असं. आरोग्य खातं स्थापत्य अभियंत्याकडे. शेती ब्लायरो माजी यांच्याकडे. हे सोयाबीनचे सम्राट. अ‍ॅमेझॉनच्या जंगलतोडीबद्दल ग्रीनपीसनं 2005 मध्ये त्यांना ‘सोनेरी करवत’ बहाल केली होती. म्हणजे अनुभवी माणूस. एका चर्चच्या बिशपचं नाव आधी विज्ञान खात्यासाठी चालू होतं. शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला, तेव्हा त्यांना उद्योग आणि परदेशी व्यापार दिला. तिथं श्रद्धा जास्त उपयोगी पडते. क्रीडा खातं मिळालेल्या लिओनार्दो पिसियानी यांनी तर महाभियोगाच्या विरोधात मत दिलं होतं. याला म्हणतात खिलाडूवृत्ती.

सांस्कृतिक खातं शिक्षणात विलीन केलं आणि तिथं मात्र गणित चुकलं. ब्राझीलमध्ये शेतकरी चिडला तर रस्ता अडतो, कलावंत चिडला तर गातो, आणि दुसरं जास्त त्रासदायक. त्यांनी अनेक शहरांत खात्याच्या इमारतींतच मुक्काम ठोकला. कायतानो व्हेलोझोसारखा दिग्गज रिओतल्या अशाच एका इमारतीत येऊन गायला. ‘अ‍ॅक्वेरियस’ सिनेमाच्या मंडळींनी कानच्या लाल गालिच्यावर फलक धरले. आठ-दहा दिवसांत खातं परत जिवंत.

सरकारच्या नव्या बोधचिन्हाचीही हीच गत. राष्ट्रध्वजावर तारे 27, चिन्हावर उतरले 22. जुना ध्वज उचलला गेला होता. पाच तारे बेपत्ता. हे चिन्ह तेमेर यांच्या सात वर्षांच्या धाकट्या चिरंजीवांनी पसंत केलं, असं त्यांच्या प्रचारतज्ज्ञानं सांगितलं. त्या लेकराला कशाला बोल लावायचा? सगळ्या मंत्रिमंडळात चिन्हाकडे कुणी निरखून पाहिलं असेल, तर त्यानंच.

आता पारदर्शकता. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतल्या लाचखोरीची चौकशी तेव्हा जोरात होती. तिचं नाव ‘कार वॉश’, आणि त्या फवाऱ्याखाली यायला मंत्रिमंडळातल्या अनेकांच्या गाड्या रांगेत. 23 मे रोजी नियोजनमंत्री रोमेरो जुका यांचं जुनं संभाषण छापून आलं: सरकार बदललं तर हा रक्तस्राव थांबेल, अशा अर्थाचं. मी अर्थव्यवस्थेच्या रक्तस्रावाबद्दल बोलत होतो, असा त्यांचा खुलासा. केवढा कळवळा! त्यांनी राजीनामा नाही दिला, ‘रजा’ घेतली. रजा दुसऱ्या दिवशी कायमची झाली. त्यांच्या जागी द्योगो ऑलिव्हेरा आले, तेही हंगामी. आठवडाभरात पारदर्शकता खात्याचे मंत्री फाबियानो सिल्व्हेरा गेले. त्यांच्या बोलण्याचंही गुपचूप ध्वनिमुद्रण झालं होतं. पारदर्शकता आणखी कशाला म्हणतात? ते जाण्याआधी खात्याच्या कर्मचाऱ्यांनी बादल्या, साबण, झाडू आणून कचेरी धुऊन काढली. कार वॉशचं खरं विकेंद्रीकरण ते हेच.

एवढ्या पडझडीत मास्तरांची दूरदृष्टी मात्र शाबूत. 15 जूनला या 180 दिवसांच्या सरकारनं घटनादुरुस्तीचा प्रस्ताव संसदेत धाडला: केंद्राचा खर्च 20 वर्षं महागाईच्या दरापलीकडे वाढवायचा नाही. पुढच्या पाच निवडणुकांत मतदारांनी कुणालाही निवडून द्यावं, हिशेबाची वही आधीच शिवून ठेवलेली. आणि 16 जूनला पर्यटनमंत्री एन्रिके आल्व्हेस लाचेच्या आरोपावरून पायउतार झाले. आरोप त्यांनी फेटाळला, खुर्ची सोडली. महिनाभरात तिसरी विकेट. वीस वर्षांची हमी देणाऱ्या मंडळींत वीस दिवसांची हमी कुणाचीच नव्हती.

5 ऑगस्टला रिओचं ऑलिंपिक सुरू झालं. माराकाना मैदानावर यजमानांचं नाव पुकारलंच नाही; नाव घेतलं की प्रेक्षक हुर्यो करणार, ही भीती. तेमेर एक वाक्य बोलले, हुर्यो झालीच.

31 ऑगस्टला सिनेटनं 61 विरुद्ध 20 मतांनी दिल्माबाईंना घालवलं. तेमेर पूर्णवेळ राष्ट्राध्यक्ष झाले, शपथ घेतली आणि जी-20 परिषदेसाठी चीनच्या विमानात बसले. राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर गेला की तिथं कारभार दुसऱ्याकडे जातो. उपराष्ट्राध्यक्षाची जागा तर आता रिकामी. त्यामुळे कारभार आला लोकप्रतिनिधी सभागृहाचे अध्यक्ष रोद्रिगो माया यांच्याकडे, आणि ब्राझीलचे हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली.