मरीनातला शेजारधर्म

माणूस घरदार विकून बोटीवर राहायला जातो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शीड, सूर्यास्त आणि क्षितिज असतं. मरीनाच्या फाटकावरचा सूचनाफलक नसतो. वास्तविक त्याचं पुढचं आयुष्य त्या फलकावरच लिहिलेलं असतं. मैलाटाकी उपसणारी बोट गुरुवारी येईल. शनिवारी सकाळी धक्क्यावरचं पाणी बंद. मोठी भरती आहे, गाड्या वरच्या बाजूला लावाव्यात. आणि ज्यांच्या डोलकाठीवर रात्रभर दोर आपटतो आहे, त्यांनी तो कृपया बांधावा. यातलं ‘कृपया’ किती दातओठ खाऊन लिहिलं आहे, हे गृहनिर्माण संस्थेत राहिलेल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मुक्त जीवनाच्या शोधात निघालेला माणूस शेवटी एका अतिशय कडक हौसिंग सोसायटीचा सभासद होतो. माझं म्हणणं पुढे असं आहे, की यात त्याची फसवणूक झालेली नसते. ही सोसायटी कडक आहे आणि तिचे सभासद भोचक आहेत, म्हणूनच ती तरंगते.

उदाहरणासाठी सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर घेऊ. या ‘बे एरिया’त मराठी माणसं मुबलक आहेत आणि घरांच्या किमती ऐकून त्यांतल्या कुणालाही पाण्यावर राहण्याची स्वप्नं पडावीत. पण स्वप्नाच्या दारातच कायदा उभा आहे. एकोणिसाव्या शतकापासून हा उपसागर सगळ्या बाजूंनी बुजवला जात होता. १९६१ मध्ये बर्कलीच्या के कर, सिल्व्हिया मॅकलॉफलिन आणि एस्थर ग्युलिक या तिघींनी त्याविरुद्ध चळवळ उभी केली आणि १९६५ मध्ये उपसागराच्या रक्षणासाठी स्वतंत्र आयोग आला. मुंबईकराला भराव म्हणजे दगडमाती एवढंच ठाऊक. या कायद्याने मात्र दीर्घकाळ बांधून ठेवलेलं तरंगतं घरही भरावात धरलं. कुणी नुसतं पाण्यावर राहून उपसागर बुजवतो आहे, असा आरोप जगात इतरत्र क्वचितच झाला असेल. म्हणून मरीनातल्या साधारण १० टक्के जागांवरच कायम राहणाऱ्यांच्या बोटी चालतात, आणि ती बोट स्वतःच्या बळावर चालणारी असावी लागते. गंमत पुढे आहे. मरीनाच्या सुरक्षिततेसाठी जास्त माणसांची गरज आहे, असं सिद्ध केलं तर ही मर्यादा वाढवून मिळू शकते. म्हणजे धक्क्यावर राहणारा माणूस हा बिनपगारी पहारेकरी आहे, हे आयोगानेही मान्य केलं आहे.

पहारा कशावर, तर मुख्यतः एकमेकांवर. जमिनीवर शेजाऱ्याची वायरिंग ही त्याची खाजगी बाब असते. मरीनात तसं नाही. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या सगळ्या बोटी अर्थिंगच्या तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि खाली खारं पाणी असतं. दोन वेगळे धातू, एक तार आणि खारं पाणी एवढं जमलं, की बॅटरी तयार होते. ही बॅटरी कुणी विकत घेतलेली नसते, पण तिची किंमत कुणीतरी मोजत असतो. बोटीचा पंखा आणि दांडा गंजू नये म्हणून पाण्याखाली जस्ताचे तुकडे लावतात. गंजण्याचं काम त्यांनी करायचं असतं. शेजाऱ्याने आपलं जस्त वेळेवर बदललं नाही, तर त्याच्या पंख्यासाठी तुमचं जस्त झिजू लागतं. पाणबुड्या खाली जाऊन बघतो आणि सांगतो, की तुमचं संपलं. परोपकार झाला, पण तुमची परवानगी कुणी घेतली नाही. यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं एक साधन मिळतं, ते बसवून घ्यावं. आणि गळका प्रवाह पाण्यात उतरत असेल, तर मामला जस्तावर थांबत नाही. गोड्या पाण्यात असा प्रवाह पोहणाऱ्याच्या शरीरातून वाट काढतो आणि स्नायू आखडून माणूस बुडतो. खाऱ्या पाण्यात धोका कमी, तरी नियम एकच: धक्क्यालगत पोहायचं नाही, मग पाणी कितीही निळं दिसो.

हिवाळ्यात सूचनाफलकाला विशेष बहर येतो. बोटीला येणारी नेहमीची वीजजोडणी १२० व्होल्ट आणि ३० अँपिअरची असते, म्हणजे फार तर ३६०० वॅट. त्यावर दीड हजार वॅटचे दोन हीटर लावून वर चहाची किटली ठेवली, की प्लग तापतो. त्याच्या पिना गंजलेल्या असतील तर जळतो. फायबरच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. तेव्हा एकाचा चहा हा सगळ्यांच्या चिंतेचा विषय होतो, आणि झाला पाहिजे. धक्क्यावरचा पाण्याचा नळ तर आणखी कपटी. बोटीची नळजोडणी चालू ठेवून मालक बाहेर गेला आणि आतली नळी निसटली, तर पालिकेचं पाणी इमानेइतबारे बोट भरत राहतं. समुद्राने कधी न बुडवलेल्या बोटी अशा पिण्याच्या पाण्यात बुडालेल्या आहेत. जनरेटरचा धूर वाऱ्याबरोबर पलीकडच्या केबिनमध्ये शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यासाठी धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र झोपण्याच्या जागेजवळ हवंच. पण ‘तुमचा पंप आज फारच वेळा चालू होतोय हो’ असं सांगणारं यंत्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्यासाठी भोचक शेजारीच लागतो.

यावर कुणी म्हणेल, की भोचकपणाला असं डोक्यावर बसवलं तर तक्रारींना अंत राहणार नाही. नसतोच. पण पाण्यावरची तक्रार वाया जात नाही. याच उपसागराच्या काठावरच्या सॉसॅलिटो गावातल्या तरंगत्या घरांत १९८० च्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री एक अखंड घुमणारा आवाज येऊ लागला आणि लोकांची झोप उडाली. कुणी सांडपाण्याच्या पंपांवर संशय घेतला, कुणी नौदलाच्या गुप्त प्रयोगांवर. अखेर स्टाइनहार्ट मत्स्यालयाच्या जॉन मॅकॉस्कर यांनी गुन्हेगार शोधला: टोडफिश जातीचा एक मासा. त्याचा नर मादीला बोलावण्यासाठी तासन् तास गुणगुणतो आणि बोटींचे तळ तो आवाज घरभर पोहोचवतात. माशाला नोटीस बजावता येत नसल्याने सॉसॅलिटोकरांनी त्याच्या नावाने उत्सव सुरू केला. शेजाऱ्याच्या प्रेमप्रकरणाचा निकाल आपल्या सोसायट्यांनी इतक्या समंजसपणे क्वचितच लावला असेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सॉसॅलिटोत पाण्यावर वस्ती झाली तीच मुळी नियम नव्हते म्हणून. महायुद्धातला ‘मरीनशिप’ हा जहाजकारखाना बंद पडला आणि उरल्यासुरल्या सांगाड्यांवर कलावंतांनी, फकिरांनी घरं थाटली. अ‍ॅलन वॉट्ससारखा झेन तत्त्वज्ञ ‘व्हॅलेहो’ या जुन्या फेरीबोटीवर राहिला. त्याला कुणी पार्किंगची सूचना दिली होती का? कदाचित नसेल. पण त्या स्वैर काळात सांडपाणी थेट उपसागरात जात होतं, हे तत्त्वज्ञानाला दिसलं नाही तरी नाकाला कळत होतं. आणि मरीना टाळून सॉसॅलिटोलगतच्या रिचर्डसन बेमध्ये नांगरावर फुकट राहणाऱ्यांनाही शेजार चुकला नाही. हिवाळी वादळात नांगर घसरला, की त्यांची बोट जाऊन दुसऱ्याच्या बोटीवर किंवा किनाऱ्यावर आदळते. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, कारण त्यांतल्या अनेकांना दुसरं छप्परच नाही. तरीही तिथल्या राहत्या बोटी हटवण्यासाठी २०२१ च्या करारात ऑक्टोबर २०२६ ही मुदत घातली गेली. जिथे शेजाऱ्यांनी वेळीच एकमेकांना टोकलं नाही, तिथे शेवटी सरकार टोकतं, आणि सरकार ‘कृपया’ लिहीत नाही.

तेव्हा ज्याला खरोखर बोटीवर राहायचं आहे, त्याने क्षितिजाची चौकशी शेवटी करावी. आधी विचारावं, की १० टक्क्यांत जागा शिल्लक आहे का, नसल्यास प्रतीक्षायादी किती लांब आहे. भाड्यावर राहण्याचा अधिभार किती, मैलाटाकी कोण आणि किती दिवसांनी उपसतं, बोट बाहेर काढून तळ रंगवायला खर्च किती, विमा कंपनी कुठला तपासणी अहवाल मागते, हेही विचारावं. मग संध्याकाळी धक्क्यावर एक फेरी मारावी आणि मिळणार असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना कोण राहतं, याची माहिती काढावी. ‘फार सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात’ असं ऐकू आलं, तर जागा दुसरीकडे शोधावी. ‘महाभोचक, दिवसभर दुसऱ्यांच्या बोटीत डोकावत असतो’ असं कळलं, तर अनामत रक्कम त्याच संध्याकाळी भरून टाकावी.