निद्रादेवींची हरकत: एक अनावृत पत्र

प्रति,
मा. निद्रादेवी,
मुक्काम पोस्ट सर्वत्र.

विषय: अमेरिकेतील लहान गावाच्या पोलीस खात्यात बारा तासांच्या गस्तीच्या पाळ्या लावण्यास घेतलेली हरकत.

महोदया,

गस्तीचे वेळापत्रक हा हिशेबाचा विषय आहे आणि त्या हिशेबात देवींच्या नावाचा रकाना नाही, हे सुरुवातीलाच नमूद करणे इष्ट. अमेरिकेत सुमारे १२ हजार स्थानिक पोलीस खाती आहेत. त्यांपैकी जवळपास निम्म्या खात्यांत पूर्णवेळ अधिकारी दहाहूनही कमी असतात. न्यूयॉर्क आणि शिकागोच्या पोलिसांवर चित्रपट निघतात. वेळापत्रकाचा खरा पेच मात्र अशा गावांत पडतो, जिथे खुद्द पोलीस प्रमुखाला अधूनमधून गाडी काढून गस्तीवर जावे लागते. अशा एखाद्या खात्यात गस्तीसाठी आठ अधिकारी आहेत असे धरावे. गावाची अपेक्षा माफक असते: केव्हाही फोन आला तरी दोन अधिकारी रस्त्यावर असावेत, म्हणजे रात्री दोन वाजता नवराबायकोच्या मारामारीत कोणाला एकटे शिरावे लागणार नाही.

आठवड्याचे तास १६८. दोन अधिकारी सतत हवेत, म्हणजे ३३६ तास भरून काढायचे. प्रत्येकाने आठवड्याला ४० तास काम केले तर माणसे लागतात ८.४. हाताशी आहेत आठ. उरलेल्या ०.४ माणसासाठी नगर परिषद पगार, विमा आणि निवृत्तिवेतन मंजूर करत नाही. आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या, की प्रत्येकाचे काम आठवड्याला सरासरी ४२ तासांवर जाते, आणि ३३६ ला ४२ ने भागले की उत्तर येते बरोबर आठ. कमी पडणारा ०.४ माणूस प्रत्येकाच्या वाढीव दोन तासांतून उभा राहतो. वर्षाला हे दरडोई १०४ तास होतात. ते कोणाच्या खात्यातून वळते केले, याचा उल्लेख ठरावात नसतो.

या बारा तासांच्या सर्वांत लोकप्रिय रचनेला पिटमन म्हणतात. तिचे चक्र १४ दिवसांचे: दोन दिवस काम, दोन सुटी, तीन काम, दोन सुटी, दोन काम, तीन सुटी. अधिकाऱ्यांच्या चार तुकड्या होतात, दोन दिवसपाळीला आणि दोन रातपाळीला. सलग तीनपेक्षा जास्त पाळ्या येत नाहीत आणि दर दुसऱ्या आठवड्याला शुक्रवार, शनिवार, रविवार अशी पूर्ण सुटी मिळते. वर्षाकाठी सुमारे १८२ दिवसच कामावर यावे लागते. मधल्या दोन पाळ्यांची रजा टाकली, तर आधीची दोन आणि नंतरची तीन दिवसांची सुटी जोडून सलग सात दिवस घरी राहता येते. त्यामुळे अधिकाऱ्यांना विचारले असता कौल बहुधा बारा तासांच्या बाजूने पडतो. ज्यांची झोप जायची, त्यांनीच हात वर करून संमती दिलेली असताना देवींनी मध्ये पडणे कितपत उचित, याचा विचार व्हावा.

कायद्याचीही अडचण नाही. १९३८ चा फेडरल वेतन कायदा इतर बहुतेक नोकरदारांना आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट ओव्हरटाइम देतो. तो स्थानिक पोलिसांनाही लागू असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या गार्सिया निकालाने पक्के झाले. पोलिसांसाठी त्यात स्वतंत्र मोजमाप आहे: १४ दिवसांत ८६ तास किंवा २८ दिवसांत १७१ तास. पिटमनचे १४ दिवसांचे तास भरतात ८४. म्हणजे दोन तास शिल्लक ठेवून कायदा पाळला जातो. पाचपेक्षा कमी पोलीस असलेल्या खात्याला तर ओव्हरटाइमची ही तरतूद लागूच नाही. तिथे कायद्यालाही झोप लागलेली असते, ही देवींना समाधानाची बाब वाटावी. कामगार संघटनेशी झालेला करार कायद्याहून कडक असला आणि ८० तासांनंतरच दीडपट द्यावी लागत असली, तर चौदा दिवसांतली एक पाळी आठ तासांची करतात आणि वरचे चार तास काढून टाकतात. ते चार तास मग कोणीतरी दुसऱ्याने भरायचे असतात.

रोख रकमेऐवजी बदली सुटी देण्याची सोयही कायद्यात आहे. जादा कामाच्या एका तासामागे दीड तासाची सुटी जमा होते आणि पोलिसांच्या बाबतीत ती ४८० तासांपर्यंत साठवता येते. अंदाजपत्रकात या सुटीचा आकडा दिसत नाही, म्हणून ती फुकट वाटते. पण ४८० तास म्हणजे बारा तासांच्या ४० पाळ्या, आणि आठ माणसांच्या खात्यात त्या ४० पाळ्यांना बदली उभा करायचा तो पुन्हा ओव्हरटाइम देऊनच. वार्षिक रजेचीही अशीच गंमत होते. पूर्वीची दहा दिवसांची रजा ८० तासांची होती. बारा तासांच्या हिशेबाने तिच्यात सहा पाळ्या आणि आठ तास बसतात. रजा दिवसांत मोजायची की तासांत, हे वेळापत्रक लागू होण्याआधी लिहून ठेवले नाही, तर पहिल्याच सुटीच्या हंगामात भांडण ठरलेले.

दहा तासांच्या पाळ्यांचा पर्याय देवींच्या अर्जात सुचवला आहे. चार दिवस काम, तीन दिवस सुटी, आठवड्याचे तास ४०: वाचायला तो फार गोड वाटतो. परंतु २४ ला १० ने नि:शेष भाग जात नाही. दिवसाला तीन पाळ्या लावाव्या लागतात, त्यांचे तास होतात ३०, आणि सहा तास एका पाळीवर दुसरी चढते. मोठ्या शहरात हे जोडतास सायंकाळच्या गर्दीवर आणि शनिवारच्या रात्रीवर आणून बसवता येतात. तिथे ते वरदान आहे. छोट्या गावात दोन माणसे सतत ठेवायची तर आठवड्याला ४२० तास, म्हणजे साडेदहा अधिकारी हवेत. आठ अधिकारी असलेल्या खात्याने साडेदहांचे वेळापत्रक भिंतीवर लावले, तर पहाटे तीन वाजता रस्त्यावर त्यातले अडीच अधिकारी दिसणार नाहीत.

ड्युपॉन्ट या रसायन कंपनीच्या कारखान्यातून आलेली आणि तिचेच नाव लावणारी २८ दिवसांची रचनाही विचारात घेण्यात आली. चार रात्री, तीन सुट्या. तीन दिवसपाळ्या, एक सुटी. तीन रात्री, तीन सुट्या. चार दिवसपाळ्या आणि मग सलग सात सुट्या. एकूण १६८ तास, म्हणजे १७१ च्या आत. त्या सात सुट्यांवर सगळ्यांचे डोळे खिळतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्याकडे कोणी पाहत नाही. त्या आठवड्यात ७२ तास भरतात आणि तिसरी दिवसपाळी संपल्यावर ४८ तासांत शरीराने रातपाळीला तयार व्हायचे असते. यंत्राची कळ दाबली की पाळी बदलते. माणसाच्या शरीराला तशी कळ नाही. उजेड आणि अंधार पाहून ते हळूहळू वळते.

पाळ्या फिरत्या ठेवाव्यात की कायम, हा वाद त्यातूनच निघतो. फिरत्या ठेवल्या तर सगळ्यांची झोप सारखीच मोडते आणि अन्यायाची तक्रार राहत नाही. कायम ठेवल्या तर निवड ज्येष्ठतेने होते, दिवसपाळी जुन्यांना जाते आणि रात्रीचे गाव काल भरती झालेल्यांच्या हाती येते. शिवाय रातपाळीचा माणूस सुटीच्या दिवशी बायकामुलांसाठी दिवसा जागतोच, त्यामुळे कायम रातपाळीतही शरीर पुरते रात्रीचे होत नाही. तरीही दर पंधरवड्याला उलटसुलट फिरण्यापेक्षा काही महिने एकच पाळी बरी. आणि फिरवायचेच असेल, तर दिवसाकडून संध्याकाळकडे आणि मग रात्रीकडे या क्रमाने फिरवणे शरीराला कमी जाचते.

आता बारा तास खरोखर बारा असतात का, हा मुद्दा. सायंकाळी सहा ते सकाळी सहा अशी रातपाळी आहे. साडेपाचला राज्य मार्गावर एक गाडी पांढरी रेघ ओलांडताना दिसते. अधिकारी ती थांबवतो, चालकाला सरळ रेषेत चालायला लावतो, श्वासाची चाचणी घेतो, अटक करतो. त्यानंतर काउंटीच्या तुरुंगापर्यंतची फेरी, मुद्देमालाची नोंद, गाडी ओढून नेणाऱ्याची वाट पाहणे आणि अहवाल. साडेआठ-नऊ वाजतात. जादाचे तास भरले तीन. कायद्याने शिल्लक ठेवलेले दोन तास तिथेच संपले आणि ओव्हरटाइम सुरू झाला. त्याच दिवशी नऊ वाजता मागच्या महिन्यातल्या एखाद्या खटल्यात साक्ष असेल, तर अधिकारी गणवेशातच कोर्टाच्या बाकावर जाऊन बसतो. कोर्टाच्या तारखा न्यायालयाच्या सोयीने पडतात. रातपाळीचे वेळापत्रक पाहून पडत नाहीत. भरीला सुटीच्या दिवशी रस्त्याच्या कामावर किंवा दुकानाच्या दारात पहाऱ्याची खाजगी नोकरी असते. वेळापत्रकाने दिलेली सुटी ती अशी खर्ची पडते.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक तुलना छापली. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. २४ तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत वाहन चालवण्याची मर्यादा ०.०८ आहे. वरच्या प्रसंगातला अधिकारी दुपारी दोनला उठला असेल, तर सकाळी नऊला तो १९ तास जागा आहे. मद्यपी चालकाला पकडणारा आणि पकडला गेलेला यांच्यातला फरक एवढाच, की एकाच्याच तोंडाशी नळी धरली जाते. हा मुद्दा देवींच्या अर्जात परिशिष्ट म्हणून जोडला होता. तो वाचताना बैठकीतल्या बऱ्याच जणांना जांभया आल्या.

अमेरिकेच्या पोलीस फाउंडेशनने डेट्रॉइट आणि टेक्सासमधील आर्लिंग्टन या शहरांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यात आठ, दहा आणि बारा तासांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. दहा तासवाल्यांना आठ तासवाल्यांपेक्षा झोप जास्त मिळाली आणि ओव्हरटाइम सर्वांत कमी झाला. बारा तासवाल्यांचा ओव्हरटाइमही आठ तासवाल्यांपेक्षा कमी होता, पण कामावर असताना पेंग जास्त आणि सावधपणा कमी आढळला. कामगिरीच्या आणि सुरक्षिततेच्या मोजमापांत मात्र तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे खात्याला हवे ते वाक्य त्यात आहे आणि देवींना हवे तेही आहे.

देवी मुंबईचा दाखला देतात. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर पोलीस आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांत नेण्यात आला. बारा-बारा तास उभे राहून काढलेल्या शिपायांना त्याचे मोल सांगावे लागले नाही. पण मुंबई पोलिसांचे बळ हजारोंत मोजले जाते. मनुष्यबळाची तंगी असली तरी तिथे इकडचा माणूस तिकडे सरकवायला जागा असते. आठ जणांच्या खात्यात एकाला फ्लू झाला, की त्या तुकडीचे निम्मे बळ घरी असते.

सबब, हरकतीवरील निर्णय पुढीलप्रमाणे. गस्तीला साडेदहा माणसे मिळेपर्यंत लहान खात्याने बारा तासांच्या पाळ्या लावाव्यात; त्याला दुसरा रास्त मार्ग नाही. मात्र त्या लावताना काही गोष्टी वेळापत्रकाच्या त्याच कागदावर लिहिलेल्या असाव्यात. ओव्हरटाइम, कोर्ट आणि खाजगी नोकरी धरून कोणाचेही सलग काम १६ तासांपुढे जाऊ नये आणि दोन पाळ्यांमध्ये किमान दहा तासांचे अंतर राहावे. रातपाळीच्या अधिकाऱ्याची साक्ष शक्यतो दुपारी ठेवावी, अशी विनंती प्रमुखाने न्यायालयाला लेखी करावी. शेवटच्या तासातली अटक पुढच्या पाळीने हाती घ्यावी, म्हणून दोन पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाचा जोड ठेवावा आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात दाखवावेत. सहा महिन्यांनी अपघात, आजारपणाच्या रजा, तक्रारी आणि ओव्हरटाइम यांचे आकडे जुन्या वर्षाशेजारी मांडून फेरविचार करावा. या अटी ज्या नगर परिषदेला परवडत नाहीत, तिला बारा तासांची पाळीही परवडलेली नाही; तिने त्या ०.४ माणसाचा पगार अधिकाऱ्यांच्या झोपेतून कापला आहे, एवढेच.

कळावे,
वेळापत्रक ठरवणाऱ्यांकरिता