सर्व्हर बंद, अहवाल हिरवागार

इन्सिडंट मॅनेजमेंटच्या प्रणालीत सदोष नोंदी साचल्या की साहेबांना सफाईचा झटका येतो. एकाच सर्व्हरच्या दुखण्याची 40 तिकिटं आली, तर 39 डुप्लिकेट म्हणून उडवायची. उरलेलं ‘पेंडिंग’मध्ये टाकलं की एसएलएचं, म्हणजे सेवा देण्याच्या ठरलेल्या मुदतीचं, घड्याळही बहुधा थांबतं. कचरा ठेवला तर आकडेवारी बिघडते, हा आक्षेप खराच. पण सर्व्हिसनाऊसारख्या तिकीट-प्रणालीत मूळ तिकिटाला बाकीची जोडता येतात, मूळ सुटलं की तीही सुटतात. खोडायची गरज काय? 1980च्या दशकात ब्रिटिश सरकारी खात्यात जन्मलेली आयटिल ही आयटी-सेवा व्यवस्थापनाची चौकट घटना (इन्सिडंट) आणि तिच्यामागची समस्या वेगळी मानते, आणि समस्येचा माग लागतो तो या पुनरावृत्तीतूनच. राहिली ‘वापरकर्त्याचा प्रतिसाद नाही’ म्हणून ठरावीक दिवसांनी आपोआप मिटणारी तिकिटं. प्रतिसाद येणार कुठून? तक्रारच ईमेल बंद असल्याची होती.